मिरजगावला थांबणारा ठिपका

मावशीचं डायलिसिस सुरू झाल्याचं कळलं आणि निघालेच. कार मुद्दाम घरी ठेवली. ती त्यासाठी आठवड्यातून दोनदा एसटीने नगर गाठते, मग आपणही एकदा तसंच जाऊन बघावं म्हटलं.

पुणे ते नगर विजेवरची एसटी मिळाली. (आता अहिल्यानगर, पण गाडीत सगळे नगरच म्हणतात.) आरक्षण मोबाईलवर, बायकांना अर्धं तिकीट. ना घरघर, ना धूर. माळीवाड्याला मिसळ खाल्ली आणि पुढे साध्या एसटीने मावशीचं मिरजगाव.

करमाळ्याहून नगरला जाणाऱ्या सकाळच्या गाडीचा भरवसा नाही. म्हणून या रस्त्यावरच्या प्रवाशांनी मोबाईलवर ग्रुप काढलाय; मावशीने मलाही त्यात जोडून घेतलं. आधी चढेल त्याने लाईव्ह लोकेशन टाकायचं, पुढच्या गावांनी नकाशावर सरकणारा तो ठिपका बघून घर सोडायचं. तेव्हापासून बऱ्याच जणांच्या मोटरसायकली घरीच असतात. मावशीला तर आता उन्हात उभंच राहवत नाही.

दुसऱ्या दिवशी तिचा डायलिसिसचा वार होता. ठिपका माहीजळगावला येऊन थांबला तो हलेचना.

"पंक्चर झाली असंल," म्हणत मावशी पुन्हा खाटेवर टेकली.

"खासगी गाडी सांगू का?"

"आज सांगशील. पुढल्या वाराला कोन सांगंल?"

तेवढ्यात गाडीतल्या एका बाईचा फोन आला. "मावशी, कुठं हाय तुमी? गाडी मिरजगाव स्टँडवर उभी हाय." लोकेशन टाकणारा गडी कर्जतला जायला माहीजळगावात उतरला होता आणि लोकेशन बंद करायचं विसरला होता. तो चहा पीत होता आणि आम्ही गाडीची वाट बघत होतो.

आम्ही तशाच निघालो, पण मावशीला भराभर चालवत नाही. थोडं चालायची, दम घ्यायची. गाडी गेली असणार, डायलिसिस चुकणार, या भीतीने मी सारखी स्टँडकडे बघत होते.

पण एसटी उभी होती. फोन करणारी बाई दारातच होती. "कंडक्टर निघू म्हनत हुते. मी म्हनलं, आज मावशीचा वार हाय, तिला घेतल्याबिगर जायचं न्हाई."

कंडक्टरने मावशीची पिशवी वर घेतली, मग डबल बेल दिली. धाप ओसरायच्या आधीच मावशीने मोबाईल काढून आपलं लोकेशन टाकलं. "रुईछत्तीसीला लोकं थांबल्यात," म्हणाली.

पुण्याला परतले, पण ग्रुप सोडलेला नाही. विजेच्या गाड्या त्या रस्त्यावरही याव्यात, आणि त्या येतील तेव्हा मावशी असावी, एवढंच वाटतं. तिच्या वाराला सकाळी मी ठिपका बघत बसते. मिरजगावला तो जरा जास्त वेळ थांबतो. मग हलतो, आणि मी चहा टाकते.