डॉक्टरांचा बोर्ड

आत्या दुकानांचे बोर्ड रंगवायची. सगळे तिला पेंटरबाई म्हणत. दोरी न धरता ती पत्र्यावर सरळ रेघ ओढायची आणि आतोबा शेजारी उभे राहून, जणू रेघ आपणच ओढली, अशा ऐटीत लोकांकडे बघायचे.

तिच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला. बुबुळाच्या आकारातही दोष होता. "खास भिंग बसवू, दोन्ही कामं होतील," डॉक्टर म्हणाले. हे भिंग ठरावीक दिशेनेच बसावं लागतं. माणूस आडवा झाला की डोळा किंचित फिरतो, म्हणून आधी त्याला ताठ बसवून डोळ्यावर शाईच्या खुणा करतात. त्या दिवशी डॉक्टर घाईत होते. आत्याला टेबलावर झोपवलेलं होतं. त्यांनी ती आडवी असतानाच खुणा केल्या.

पट्टी सुटली आणि प्रत्येक रेघेला तिची फिकट सावली चिकटलेली दिसू लागली. खांब कलंडले, खिडक्या कलंडल्या.

दुसऱ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. "भिंग तिरपं बसलंय. त्यांच्याकडूनच सरळ करून घ्या, पण लवकर. एकदा डोळ्याने ते घट्ट धरलं की हलवणं अवघड."

आत्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी डोळ्यात बॅटरीसुद्धा मारली नाही. "वय झालं हो. होते सवय. आमच्या नव्या इमारतीचा बोर्ड कुठवर आलाय?"

"येतोय," आत्या म्हणाली.

"चांगलं फैलावर घ्यायचं होतंस!" आतोबा घरी तणतणले.

"तोंड कशाला शिणवू?"

तिने डाव्या डोळ्यावर फडकं बांधलं आणि उजव्याला जसं दिसेल तसं अक्षर न् अक्षर काढलं. कललेलं, मागे करडी सावली असलेलं. इतकं मन लावून तिने कधीच काही रंगवलं नव्हतं. आतोबांनी डोकावून विचारलं, "हात थरथरतोय का गं?"

"हात ठणठणीत आहे."

उद्घाटनाला बोर्डावरचा पडदा सरकला. लोक चष्मे काढून पुसू लागले. एक आजोबा ओरडले, "अरे देवा, कालच ऑपरेशन झालंय माझं यांच्याकडे!"

हशा पिकला. डॉक्टर लालबुंद. "पेंटरबाई, काय करून ठेवलंत हे?"

"तुम्ही दिलेल्या डोळ्याला असंच दिसतं," आत्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "लोकांना होईल सवय."

डॉक्टरांनी तिला कोपऱ्यात घेतलं. "उद्या या, भिंग सरळ करतो. पण आधी हा बोर्ड नीट करा."

"आधी डोळा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला ताठ बसवून खुणा केल्या आणि भिंग सरळ केलं. पट्टी सुटली तशी सावली गेली, खांब उभे राहिले. मग आत्या रंगाचे डबे घेऊन दवाखान्यावर गेली, शिडी चढली आणि नव्या नजरेने बोर्ड बराच वेळ न्याहाळत राहिली.

"करताय ना सुरुवात?" डॉक्टरांनी खालून विचारलं. आवाजात साखर होती.

"हो तर. शेवटची दोन अक्षरं सरळच राहिलीयेत माझ्याकडून," आत्या म्हणाली आणि तिने करड्या रंगाचा डबा उघडला.