जाताना एक, येताना एक

"अहो, दहा गोळ्या घेऊन आम्ही काय लंकेला चाललोय? महाबळेश्वरला जातोय, महाबळेश्वरला! एक जाताना, एक येताना. दोन! दोन कळतं का तुमच्या कॉम्प्युटरला?"

आमच्या समोरच्या औषधाच्या चकचकीत दुकानात काका गरजत होते. बुधवार पेठेत जन्म काढून आता विश्रांतवाडीत मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आलेले हे गृहस्थ. त्यांचा आवाज मात्र पेठेच्याच मापाचा राहिलेला. तो ऐकून आळंदी रोडवरचे तीन रिक्षावाले आपल्यालाच हाक मारली समजून गल्लीत वळले. एकाने तर मीटरही टाकलं होतं.

"सर, फुल स्ट्रिपच घ्यावी लागेल," तिथला टायवाला मॅनेजर म्हणाला. "दोन गोळ्या सिस्टिम घेत नाही."

"सिस्टिमला गाडी लागते का? माझ्या बायकोला लागते!"

हे सगळं मी माझ्या, औषधाच्याच पण छोट्या, दुकानातून ऐकत होते. म्हणजे कान तिकडे होते, डोळे भिंतीकडे. कारण आमचे हे स्टुलावर चढून, हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन, माझं फार्मासिस्टचं सर्टिफिकेट उतरवत होते.

त्या सर्टिफिकेटबद्दल सांगायलाच हवं. आमच्या घराण्यात औषधाचा कागद वाचणारी मी पहिली, आणि विकणारीही पहिली. बाबांनी त्याची फ्रेम अशी करून घेतली, की माझ्या लग्नाचा फोटो तिच्या एका कोपऱ्यात मावेल. दुकान उघडलं त्या दिवशी त्यांनी ती स्वतः बसवली, बुद्धाच्या तसबिरीच्या बरोबर खाली. मग मागे सरकत सरकत, नीट दिसतंय का बघत, थेट रस्त्यावर गेले आणि एका सायकलवाल्याला आडवं करून आले.

आणि आता ती फ्रेम समोरच्या भिंतीवर जाणार होती. समोरच्यांचा निरोप होता, दुकान बंद करा, आमच्याकडे फार्मासिस्ट म्हणून या. ठरलेला पगार, एसी, रविवारी सुट्टी. संध्याकाळपर्यंत कळवा. फार्मासिस्ट जिथे बसणार, तिथेच तिचं सर्टिफिकेट लागणार. ह्यांचं म्हणणं, हो म्हण. आणि खरं सांगते, मी म्हणणारच होते.

का म्हणणार नाही? त्यांनी डिस्काउंटची पाटी अशी लावली होती, की लोहगावला उतरणारी विमानं ती वाचायला जरा खाली यायची. एसी इतका जबर, की माझ्या दुकानातली पाल रोज सकाळी तिकडे जायची आणि संध्याकाळी शिंका देत परत यायची. माझी जुनी गिऱ्हाइकं तिकडे वळली, पण माझ्या डोळ्यांदेखत जायची लाज! कुणी तोंडाला स्कार्फ गुंडाळून, कुणी टेम्पोच्या आडून. एक वहिनी तर हेल्मेट घालून गेल्या. पुण्यात! चालत!

तेवढ्यात काका रस्ता ओलांडून माझ्या काउंटरशी आले.

"ताई, तुमच्याकडे तरी माणसं आहेत, का सिस्टिम?"

"सध्या तरी माणसं आहेत. सांगा."

"गाडी लागू नये म्हणून गोळ्या. दोन."

मी स्ट्रिप काढली, कात्री घेतली. स्ट्रिप कापायची म्हणजे फराळाची शंकरपाळी कापायची नव्हे. नाव आणि मुदत ज्या टोकाला छापलेली, ते टोक शेवटपर्यंत राखायचं. दुसऱ्या टोकाकडून कापत यायचं आणि गिऱ्हाइकाच्या पाकिटावर नाव-मुदत हाताने लिहून द्यायची. मी एका पाकिटावर लिहिलं ‘जाताना’, दुसऱ्यावर ‘येताना’, आणि दोन्हींवर ‘बस सुटायच्या अर्धा तास आधी’.

काकांनी पाकिटं उलटीपालटी करून पाहिली. "हे बरंय," म्हणाले. पेठेच्या भाषेत हे महावस्त्र आणि श्रीफळ एकदम दिल्यासारखं असतं.

ते गेले. माझ्या हातात कात्री तशीच.

"अहो," मी म्हटलं, "थांबा जरा."

"तीन स्क्रू निघालेत," हे वरून म्हणाले. "एक राहिलाय."

"राहू दे."

संध्याकाळी मॅनेजर उत्तर घ्यायला आला. मी एकच प्रश्न विचारला. "मी तिकडे आले, तर मला स्ट्रिप कापता येईल का?"

"नाही मॅडम. सिस्टिम घेत नाही."

"मग मलाही घेऊ नका."

बोलले खरी झोकात, पण तो गेल्यावर आधी गल्ल्यातली चिल्लर मोजून घेतली. ह्यांनी तिन्ही स्क्रू परत बसवले. फ्रेम तेव्हापासून जराशी तिरकी आहे. मी कुणाला हात लावू देत नाही.

दुसऱ्या दिवशी लाल दोऱ्याने कात्री काउंटरवर टांगली आणि वर लिहिलं, ‘हव्या तेवढ्याच गोळ्या मिळतील’. मोठ्या कंपन्यांत यासाठी हिंजवडीच्या काचेच्या खोल्यांत बसून धोरण ठरवतात म्हणे. माझं धोरण दोऱ्याला लटकत होतं. तापाच्या चार हव्यात? घ्या. पित्ताची एकच? घ्या. लोक आधी सुट्या गोळ्यांना यायला लागले. मग "आलेच आहे तर" म्हणून महिन्याची बीपीची औषधंही इथूनच न्यायला लागले. ‘आलेच आहे तर’ या तीन शब्दांवर माझं दुकान उभं आहे. कात्रीला इतक्या वेळा धार लावली, की आता तिची नखं कापायची कात्री झालीय. हेल्मेटवाल्या वहिनी परत आल्या, त्या उघड्या डोक्याने, ताठ मानेने.

काका महिनाभर आधी गोळ्या घेऊन ठेवणारे गृहस्थ. त्यामुळे सहल उरकून ते माझ्याकडे आले, तोवर कात्री गल्लीत प्रसिद्ध झाली होती. आणि योग असा, की त्याच वेळी काउंटरशी टाय खिशात घालून कोण उभं? समोरचा मॅनेजर! त्याला घाटातून गावी जायचं होतं.

"मॅडम, गाडी लागू नये म्हणून..." तो हळूच म्हणाला. "दोनच."

मला तर ढोलपथक बोलवावंसं वाटलं. पूर्ण गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हटलं, "या काका, या! बरोबर वेळेला आलात. आता यांच्यासमोरच सांगा, आपल्या दुकानाच्या दोन गोळ्यांनी महाबळेश्वरला काय चमत्कार केला?"

काकांनी खिशातून ‘येताना’ लिहिलेलं पाकीट काढून काउंटरवर ठेवलं.

"येताना हिला झोप लागली, गोळी लागलीच नाही. ही परत घ्या."