पुंजाबाबांच्या दहाव्याचा टँकर

श्रद्धांजलीला येणाऱ्या आमदारसाहेबांच्या गाड्यांना धूळ लागू नये म्हणून पुंजाबाबांच्या दारातल्या रस्त्यावर पाणी मारणं चाललं होतं, आणि त्यांची विधवा चंद्रभागाबाई उंबऱ्यात उभी राहून ते बघत होती.

नवऱ्याचा दहावा होता. विधी सकाळीच उरकले होते. आता दारातल्या मांडवात श्रद्धांजलीची भाषणं व्हायची होती. मे महिन्याचं ऊन, नांदगावच्या टोकाची ही गल्ली आणि आठ दिवसांनी एकदा येणारा टँकर. आज त्याचा दिवस होता. बायका हंडे मांडून भिंतीच्या सावलीला बसल्या होत्या, आणि साहेबांचा कार्यकर्ता लखन टँकरचा पाइप धरून रस्ता भिजवत होता. तापलेली माती ते पाणी घटाघट पीत होती.

दुसऱ्या कोणाच्या दारात हे झालं असतं तर बाईने दोन शिव्या घालून सोडून दिलं असतं. पण पुंजाबाबांच्या दारात?

हा माणूस अठराव्या वर्षी नेव्हीत गेला, तेव्हा त्याने समुद्र तर सोडाच, भरलेली नदीसुद्धा दोन-चारदाच पाहिली होती. निघताना गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी विचारलं, "पोहता तरी येतं का रं?" तो म्हणाला, "सरकार शिकवील की." जहाजाच्या पोटात, भट्टीसारख्या उकाड्यात, खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करणारं यंत्र त्याने पंधरा वर्षं सांभाळलं. लढाईही पाहिली. पण पोरं लढाईची गोष्ट सांगा म्हणाली की बाबा हात पसरून यंत्राचीच सांगायचे. "ते बंद पडलं ना, की कॅप्टनला एक बालदी आन मला एक बालदी. त्यात न्हा, नाय तर पी. खांद्यावर किती पट्ट्या हायेत ते बालदी विचारत नाय."

निवृत्त होऊन ते गावी आले, विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान टाकलं. घरी स्वतःचे कपडे स्वतः इस्त्री करायचे, पोरांच्या डोक्याला तेल लावायचे, रविवारी पोळ्या लाटायचे. शेजारणी हसायच्या. चंद्रभागाबाईसुद्धा हसायची, पण त्यांच्या पोळ्या तिच्या पोळ्यांहून गोल व्हायच्या हे तिला टोचायचं.

मग एका दुष्काळात गल्लीत पहिला टँकर आला. पहिल्याच दिवशी झिंज्या उपटल्या गेल्या, एकीचं कपाळ फुटलं. दुसऱ्या खेपेला पुंजाबाबा पांढरा सदरा घालून टँकरपाशी उभे राहिले, ते तीस वर्षं उभे राहिले. घरटी चार हंडे. एकदा गल्लीच्या वरच्या टोकापासून सुरुवात, पुढच्या वेळी खालच्या. लग्नघर असो की पुढाऱ्याचं घर, रांग मोडायची नाही. पाहुणी आलेली स्वतःची सासूसुद्धा त्यांनी रांगेत उभी केली. ती पुढे वर्षभर त्यांच्याशी बोलली नाही. आणि स्वतःच्या घरचे हंडे सगळ्यांच्या शेवटी. त्यावरून चंद्रभागाबाईने जितकी भांडणं केली तितकी हुंड्यावरून कोणी केली नसतील. चार हंड्यांची आशा असायची, कधी दोनच मिळायचे. ती हंडा आपटायची. ते म्हणायचे, "आपट, पण दोनच हायेत."

त्याच माणसाच्या नावाने आज हे चाललं होतं.

"लखन, बंद कर ते," बाई उंबऱ्यातून म्हणाली.

"काकू, साहेब येऊन राहिले. पाचच मिनिटं."

"आमची बारी होती ना आज," सावलीतून आबिदा म्हणाली. ती समोरच्या घरातली, बाईच्याच वयाची. "दहावा है म्हणून आम्ही गप बसलो, चंद्रभागाबाई. पर पोरी पाण्याला बसल्यात सकाळपास्नं."

शहरात, इंदिरानगरला राहणारा मुलगा शेखर धावत आला. आठ दिवस त्याने साहेबांच्या दारी खेटे घातले होते. "आई, तू आत जा. साहेब आज चौकाला बाबांचं नाव जाहीर करणार आहेत. कबूल केलंय त्यांनी. थोडं पाणी गेलं तर काय होतं?"

बाईने एकदा मुलाकडे पाहिलं. मग सुतकातली, अनवाणी, ती सरळ चिखलात उतरली आणि टँकरवाल्यासमोर उभी राहिली. "बाबांना ओळखत होता ना तू? मग फिरव चावी."

टँकरवाल्याने चावी फिरवली. पाइप लुळा पडला.

बायका उठल्या. रांग लागली ती थेट रस्त्याच्या मधोमध. तेवढ्यात तीन पांढऱ्या गाड्या आल्या, थांबल्या, हॉर्न वाजले. लखन हात जोडत रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळाला. कोणी हललं नाही. पाव तासाने गाड्या मागे वळल्या. साहेबांनी हार तेवढा पाठवला.

शेखर मांडवातल्या खुर्चीत बसला. "जन्मभर दुसऱ्यांसाठी उभे राहिले. एक पाटी लागली असती, आई. तीही तू घालवलीस."

"लागली असती," बाई म्हणाली. "आन रोज तिच्याखालून हंडा घेऊन जाताना मला काय आठवलं असतं? हे ओतलेलं पाणी. तुझ्या बापाला कोनाचा घसा कोरडा ठेवून मान नको होता."

तिकडे टँकर खडखडला आणि धार तुटली. चार घरं अजून बाकी होती. आबिदाच्या हातातला हंडा अर्धा भरला होता.

बाईने चारही घरांचे रिकामे हंडे मोजले. मग कमरेला पदर खोचला.

"लखनच्या गच्चीवर काळी टाकी हाय," ती म्हणाली. "काल रातीच भरली त्यानं. चला."

"आई, दहावा आहे आज. लोक काय म्हणतील?"

"म्हनू दे. पाणी त्यानं सांडलं, त्याच्याकडूनच भरून घेऊ."

ती चिखलाच्या पायांनी निघाली, मागे आबिदा, मागे तिघी. नवीन बूट काढून शेखरने खुर्चीखाली सरकवले, दोन हंडे उचलले आणि रांगेच्या शेवटी जाऊन चालू लागला.