संकुल होणार, म्हणून पेरू नका

बांधून झालेल्या इमारतीचा एकच किस्सा उरतो, उद्घाटनाला माइक बंद पडल्याचा. न झालेल्या इमारतीचे मात्र साचतच जातात! आमच्या आर्किटेक्ट ऑफिसात पडेगावच्या इनडोअर क्रीडासंकुलाचे इतके साचलेत की नवीन माणूस जॉइन झाला की आधी चहा, मग हे. जमीन तात्यांची, पैसा शेठचा, नकाशे आमच्या सरांचे. होणार की नाही, हे तिघांपैकी कुणालाच नक्की माहीत नव्हतं.

*

पहिल्याच मीटिंगला शेठ म्हणाले, स्विमिंग पूल पाहिजेच. त्या उन्हाळ्यात शहरात टँकरपुढे हंड्यांच्या रांगा, आमच्या ऑफिसचा नळही कोरडा. मी पूल छान निळा रंगवला. शेठ दचकले.

"मॅडम, निळा नको. लोक चिडतील."

मग मी तो मातकट केला. नकाशा बघणारा प्रत्येक जण विचारायला लागला, हा कुस्तीचा आखाडा का? कंटाळून सर हो म्हणाले. तेव्हापासून आमच्या आखाड्याला शिडी आणि डायव्हिंग बोर्ड होता.

*

एकदा सगळे मातीची तपासणी करायला गेलो, तर गुरुजी नारळ घेऊन हजर. शेठना वाटलं सरांनी बोलावलं, सरांना वाटलं शेठनी. बोलावलं होतं तात्यांनी.

"एवढ्या गाड्या आल्या, म्हटलं पूजाच असंल."

आता गुरुजींना परत कसं पाठवायचं? शेठनी नारळ फोडला, फोटोसाठी आम्ही चुन्याच्या रेघांनी संकुलाचं दार आखलं, फोटो झाले, सगळे घरी गेले. मातीची तपासणी राहूनच गेली.

*

दर मृगाला तात्या ऑफिसात यायचे. घरचं वर्षाचं धान्य त्याच रानातलं, त्यामुळे प्रश्न ठरलेला. "सायेब, पेरू का नगं?"

सर शेठना फोन लावायचे. शेठ म्हणायचे, काम पुढच्या महिन्यात सुरू. मग सर तात्यांना थांबा म्हणायचे.

पहिली दोन वर्षं दुष्काळच पडला. कुणाच्याच रानात काही आलं नाही. बियाणं वाचलं म्हणून तात्या दिवाळीला उलट आम्हालाच पेढे देऊन गेले! तिसऱ्या वर्षी पाऊस धो धो झाला, आणि आम्ही तेव्हाही थांबाच म्हटलं होतं. त्या दिवाळीला तात्या आले नाहीत. मला फार वाईट वाटलं.

*

पुढच्या मृगालाही ते आले नाहीत. तोवर शेठ दुसऱ्याच धंद्यात शिरले होते. सर म्हणाले, संकुल रद्द झालं हे तात्यांना समोर जाऊन सांगायला पाहिजे. पाऊस जरा उघडल्यावर आम्ही दोघं पडेगावला गेलो.

बघतो तर रानभर बाजरी, चांगली गुडघ्याएवढी. मला हायसं वाटलं. सर मात्र बांधावरच गोंधळून उभे. पिकाच्या मधोमध एक रुंद पट्टा मोकळा होता, तणसुद्धा काढलेलं.

खुरपं घेऊन तात्या आले, तसं सरांनी विचारलं, "तात्या, हे का सोडलं?"

"तुमच्या चुन्याच्या रेघा व्हत्या ना हितं. हे दार हाय. दारात कुणी पेरतं व्हय?"

 सरांनी बांधाला वळसा घातला, त्या पट्ट्याच्या तोंडाशी बूट काढले आणि आत गेले.