लाल पट्टीची बाटली

धोंडीबाई जव्हारबाहेरच्या त्या लहानशा प्रयोगशाळेत कामाला लागली, तेव्हा तिथलं रसायनांचं कपाट म्हणजे लग्नघरातलं माजघर होतं. जे येईल ते जागा दिसेल तिथं कोंबायचं आणि लागेल तेव्हा सगळ्यांनी मिळून शोधायचं. त्या कपाटाला शिस्त लावली ती सपनाने.

सपना सूर्यमाळची. शिष्यवृत्तीवर नागलीचा, म्हणजे नाचणीचा, अभ्यास करायला आलेली. तिच्या पाड्यावर काळसर दाण्याचं एक जुनं वाण होतं आणि ते पेरणारा शेवटचा माणूस तिचा बाप. तो गेला. बियाणं म्हणून राखलेलं घरच्यांनी उन्हाळ्यात खाल्लं. खाणार नाहीत तर काय करतील? उरलं ते सपनाने चाचणीसाठी दळून डब्यात भरलेलं पीठ. त्या नागलीत लोह जास्त आहे हे तिला कागदावर सिद्ध करायचं होतं. आजूबाजूच्या पाड्यांवर कुणाच्या मडक्यात मूठभर बी असलंच, तर सरकार ते शोधून वाढवील, अशी तिला आशा होती.

धोंडीबाईला इंग्रजी अक्षर येत नव्हतं, म्हणून सपनाने प्रत्येक बाटलीला रंगीत पट्टी चिकटवली आणि फळीलाही तीच. ॲसिडला लाल, ते सगळ्यांत खाली, प्लास्टिकच्या ट्रेमध्ये. पेट घेणारं निळं, ते खिडकीपासून लांब.

"लाल आणि निळ्याची गाठ पडू द्यायची नाही, मावशी."

"म्हणजे आमच्या जावेची नि माझी गत," धोंडीबाई म्हणाली, आणि दोघी हसल्या.

दोन पावसाळे कपाट देवघरासारखं राहिलं. कोण काय काढतं, कुठं ठेवतं, सगळं धोंडीबाईच्या नजरेत. सपनाचे आकडेही चांगले येत होते. तिच्या बापाच्या नागलीत लोह इतकं निघालं की प्रयोगशाळेचे सर पेढे घेऊन आले.

मग बाहेरचे एक तपासनीस आले. त्यांनी विचारलं, "पीठ ज्यात विरघळवता ते ॲसिड, पीठ न घालता, नुसतं कधी तपासलंत?" सपनाने सुरुवातीला तपासलं होतं. पुढे ॲसिड पुरवून वापरायचं म्हणून सोडून दिलं. तिने त्यांच्यासमोरच तपासलं. नागलीचा कणही नव्हता, तरी लोह दिसलं.

सपनाने सगळं कपाट उपसलं. शुद्ध ॲसिडची बाटली उजेडात धरली, तर आत पिवळट झाक.

"मावशी, बाटली संपत आली की तळातलं उरलेलं कुठं जातं गं?"

"कुठं जाईल? त्याच्याच जातीच्या नव्या बाटलीत. लाल पट्टी बघूनच ओतते, हातमोजे घालून. कणगी झाडली तरी मूठभर जुनं नव्यात टाकतोच ना आपण? घर रितं ठेवू नये."

ॲसिड दोन प्रकारचं होतं. एक भांडी धुवायचं, हलक्या प्रतीचं, त्यातल्या लोहाने पिवळट. दुसरं चाचणीचं, शुद्ध. पट्टी दोन्हींना लालच होती.

सपना तिथंच फरशीवर बसली. धोंडीबाईला वाटलं, पोरीला चक्कर आली. ती पाणी आणायला धावली. पाणी पिऊन सपनाने हळूहळू सगळं सांगितलं.

"मग चाचणी परत कर ना," धोंडीबाई म्हणाली. "चांगलं ॲसिड आणू."

"पीठ संपलं, मावशी."

सपनाने सरांना सांगितलं, चूक माझी, पट्ट्या मी लावल्या. शिष्यवृत्ती पुढे वाढली नाही. ते कळताच धोंडीबाई सरांपुढे जाऊन उभी राहिली. "ओतलं मी. तिला का घालवता?" सर खाली बघत म्हणाले, "तुमचं नाव घेतलं तरी आकडे खरे होणार नाहीत, बाई. जा, कामाला लागा."

सपनाला ठाण्याला कुठल्याशा औषध कंपनीत काम मिळालं. ती निघाली त्या दिवशी धोंडीबाई एसटी स्टँडवर गेली. गाडी लागलेली होती.

"एकदा तरी बोल मला. घाल शिव्या. तुझ्या बापाची नागली मी मातीत घातली."

सपनाने पिशवी खाली ठेवली. धोंडीबाईचे दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले. अंगठ्याजवळ भाजल्याचा डाग होता.

"हातमोजे फाटलेत ना? सरांकडे नवे माग. तुला मागायला लाज वाटते, मला माहीत आहे."

"परत येशील ना गं?"

"कशासाठी येऊ, मावशी?"

ती हे रागाने म्हणाली नव्हती. खरंच विचारत होती. धोंडीबाईने खालची पिशवी उचलून तिच्या हातात दिली. कंडक्टरने घंटी दिली, सपना चढली आणि खिडकी पलीकडच्या बाजूला मिळाली म्हणून दिसलीही नाही.