अध्यक्षबाईंनी दिलेलं मत

अध्यक्षबाईंच्या बैठकीत सगळ्यांत लहान माणूस आधी बोलायचा. एखाद्या वडीलधाऱ्यानं घसा साफ केला, की त्या तळहात वर करून त्याला थांबवत. "मोठे आधी बोलले का लहानाचं मत त्यायच्या मताले चिकटून जाते," असं त्या म्हणत. त्या निवृत्त शिक्षिका होत्या आणि तळेगावच्या आमच्या दंडार या लोकनाट्याच्या मंडळाच्या अध्यक्षा. मंडळाचे जुने मुखवटे, ढोलक्या, जरीचे अंगरखे सांभाळणारं एक दालन हमरस्त्याला लागून होतं. त्याच्या समितीत बाईंनी हट्टानं दोन कॉलेजची पोरं घेतली. एक मी, दुसरा नीलेश. नुसतं चहा द्यायला नाही. आम्हाला मत होतं.

बाई आमचं ऐकत, आणि ऐकलेलं करत. दंडारीत मुलींनी ढोलकी वाजवावी, हे मी सुचवलं. पुढच्या वर्षी माझ्याच गळ्यात ढोलकी पडली. नीलेशनं म्हाताऱ्या कलावंतांची गाणी मोबाइलवर भरून ठेवायला घेतली, तर बाई त्याच्यासोबत घरोघरी हिंडल्या. कुणी पोरकटपणा म्हटलं, की त्या शांतपणे म्हणत, "उद्या सांभाळाचं यायलेच हाय ना?"

मग रस्ता रुंद झाला आणि दालनाच्या जागेवर एका माणसाची नजर पडली. तो स्वतः कधी आला नाही. त्याची पांढरी गाडी तेवढी समोरच्या कडुलिंबाखाली उभी राहू लागली. समितीतले तिघे विकायला तयार झाले. बाई आणि आमचे म्हातारे ढोलकीवाले आबाजी विरोधात होते. राहिलो आम्ही दोघं.

एका संध्याकाळी दोन माणसं आमच्या घरी आली. चहा घेतला. मी कोणत्या बसनं कॉलेजला जाते, उतरल्यावर कोण सोबत असतं, हे अगदी आपुलकीनं विचारलं. ती गेल्यावर बाबा दाराची कडी दोनदा पाहून आले. त्याच आठवड्यात नीलेशचे वडील सकाळी चौकातल्या आपल्या पानटपरीवर गेले, तर टपरीला दुसऱ्याच कुणाचं तरी कुलूप होतं. ते कुणाचं, हे चौकात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच माहीत नव्हतं.

बाई लगेच नीलेशच्या घरी गेल्या. मीही होते. समिती सोड, असं त्यांनी त्याला सांगितलं. त्यानं नकारार्थी मान हलवली. सोडून कुलूप निघणार नव्हतं. त्या माणसांना त्याचं मतच हवं होतं. त्याची आई चुलीपाशी पाठमोरी बसून होती. बाई म्हणाल्या, "तुले पटन तसं कर, बेटा. मी तुले काई विचारनार नाई."

बैठकीच्या दिवशी आमच्या घरी आलेल्या त्या दोघांतला एक उघड्या खिडकीबाहेर बाकावर बसला होता. बाईंनी आज चिठ्ठ्या टाकू म्हटलं. तिघांतला एक हसून म्हणाला, "नियम तुमचाच होय, बाई. लहानानं आधी बोलावं." बाईंचा हात वर उठला आणि तसाच खाली आला. नीलेश माझ्याहून लहान होता. तो उभा राहिला, खिडकीकडं न बघता म्हणाला, "विकून टाका." मी नको म्हटलं, पण ते कुणाला ऐकू गेलं असेल असं वाटत नाही.

आबाजी नीलेशकडं बघून पुटपुटले, तेव्हा बाई तेवढंच मोठ्यानं बोलल्या. "पोराले कोनी काई म्हनाचं नाई. मत त्याचं होतं."

दुसऱ्या दिवशी कुलूप निघालं. महिन्याभरात दालन पाडलं गेलं. मुखवटे बाईंनी जुन्या लुगड्यांत गुंडाळून स्वतःच्या घरी नेले. नीलेश पुण्याला कंपनीत लागला. बाई त्याला फोन करत. तो उचलत नसे. त्या गावातल्या मुलांना दंडार शिकवत राहिल्या, पण बोलणं कमी झालं. आजारी पडल्या तेव्हा मी उशाशी बसले होते. म्हणाल्या, "मी तुमाले बोलाले शिकवलं. बोलल्यावर दारात कोन येते, थे सांगतलं नाई."

मी विचारलं, मग पोरांना घेऊच नये का समितीत? त्यांनी डोळे मिटले होते. मला वाटलं, झोप लागली. "घेजो," त्या म्हणाल्या. "पन आधी त्यायच्या घरी जाजो."

बाई गेल्या. मंडळ आता मी बघते. दालनासाठी गावठाणात मिळालेल्या नव्या जागेवरही कुणाची तरी नजर असल्याची कुजबुज सुरू झाली आहे. गेल्या आठवड्यात कोमल नावाच्या मुलीला समितीत घ्यायचं ठरलं, म्हणून तिच्या घरी गेले आणि जे जे होऊ शकतं ते सगळं सांगितलं. तिची आई तांदूळ निवडत ऐकत होती. शेवटी तिनं सूप बाजूला ठेवलं. "ताई, तवा तुमी राहान ना हिच्यासंग?"

मी हो म्हटलं. निघताना त्यांच्या दाराची कडी नीट लागते का, ते पाहिलं.