वाळूच्या भट्टीतली पानवेल

धाकूचा दिवस पहाटे तीनला सुरू होई. घड्याळ त्याच्या घरी नव्हते. कसाऱ्याकडे जाणारी मालगाडी नदीच्या पुलावर शिटी देई, तेव्हा तो उठे. मोहन्याहून कल्याण दीड-दोन कोस. तो अनवाणी चालत येई आणि साडेचारला इंजिनांच्या शेडमध्ये फावडे घेऊन माझ्यासमोर उभा राही. अकरा वर्षे आम्ही बरोबर काम केले. त्याला एकदाही उशीर झाला नाही.

आमचे काम वाळू भाजण्याचे. घाट चढताना इंजिनाची चाके घसरतात, म्हणून त्यांच्यापुढे रुळावर वाळू सोडतात. ती ओली चालत नाही. उल्हासची वाळू चाळायची, भट्टीवरच्या पत्र्यावर पसरायची आणि वाफ संपेपर्यंत हलवत राहायची. हात थांबले की वरची वाळू ओलीच राहते. खांदे भरून येत. पण ती खोली मला अजून स्वप्नात दिसते. पांढरी वाफ, लालसर उजेड आणि वाळूचा झोपाळू आवाज, शेजारच्या घरात कोणी धान्य पाखडत असल्यासारखा.

एका पौषात चार दिवस अशी थंडी पडली की तशी मी पुन्हा पाहिली नाही. नदीवरचे धुके दुपारपर्यंत उठेना. पाचव्या दिवशी धाकूने आल्या आल्या न चाळलेलीच वाळू पत्र्यावर ओतली.

"काय झालं रे?"

"वेल गेली, नाथा."

वेल म्हणजे त्याच्या बायकोची, गोदूबाईची, पानवेल. लग्न होऊन येताना तिने वसईच्या माहेराहून कांडे आणले होते. फुटक्या रांजणाच्या तळात लावलेली ती वेल पडवीत वाढून आढ्याला लागली होती. गावात साखरपुडा असो की पूजा, पाने गोदूबाईकडून जात. पाळी आलेल्या बाईने मात्र पानवेलीला शिवायचे नाही, असा नियम. शिवली तर वेल मुळापासून जळते, पुन्हा फुटत नाही म्हणत. ते चार दिवस बाई घरातही येत नसे. पडवीतच बसायची, तिथेच निजायची.

थंडीचे चार दिवस नेमके सुनेचे, कलावतीचे, निघाले. ती पडवीच्या एका टोकाला, वेल दुसऱ्या टोकाला. पाने काळी होऊन लोंबू लागली तेव्हा गोदूबाईने ठरवून टाकले, हिनेच शिवले. आता होळी झाली की हिला डोंबिवलीला बापाकडे पोचवायचे, कायमचे. मुलगा रघु ठाण्याच्या मिठागरावर होता. तिच्या बाजूने बोलायला घरात कोणी नव्हते.

धाकूने सुनेला विचारले, "शिवलीस का गं?"

"नाही, मामा."

"खरं सांग. मी काय मारतोय का?"

"थंडीनं गळाली ती. मला दिसत होतं ना. माझ्याकडं पोतं होतं. वाटलं, टाकावं तिच्यावर. पण शिवू कशी?"

"मग तू काय पांघरलंस?"

"तेच पोतं. एकच होतं."

त्याने हे जसेच्या तसे बायकोला सांगितले. ती म्हणाली, "बोलायला काय जातं तिचं? वेल बोलली तर ऐकीन."

"बोलेल. होळीपर्यंत थांब."

दुसऱ्या पहाटे धुक्यातून तो आला तेव्हा मला आधी वेलच दिसली. रांजणाचा तळ डोक्यावर, वेल गुंडाळून खांद्यावर. झाडच चालत येतेय असे वाटले. फोरमनने विचारले तेव्हा मी औषधाचे झाड म्हणून सांगितले.

रांजण त्याने भट्टीला टेकवला नाही. चार हात लांब, खिडकीखाली ठेवला. तिथे भिंतीला हात लावला तर ऊब लागे, चटका बसत नसे.

मी म्हणालो, "काळी पानं छाट. शेण घाल, भरपूर पाणी घाल."

"त्यानंच मरेल. निजलेल्याला कोणी जेवू घालतं का?"

सासऱ्याच्या पानमळ्यात तो एक हिवाळा राबला होता. रोज मातीत बोट खुपसून बघे. कोरडी लागली तरच ओंजळभर पाणी, तेही कोमट. आठवड्यातून एकदा नखाने देठ जरासा खरवडे. खाली हिरवे, वर तपकिरी. तपकिरी दर आठवड्याला एक पेर खाली उतरे. तरी त्याने काही केले नाही. आयुष्यभर मी हातांचे श्रम मोजत आलो. हात आवरून धरण्याचे श्रम तेव्हा पाहिले.

दुपारी रांजणाला पाठ लावून तो डुलकी घेई. एकदा डोळे न उघडताच म्हणाला, "वेल इंजिनावर चढली होती रे. धुराड्याला विळखा घालून घाट चढत होती."

"आणि इंजिन?"

"ते गपगार. वेलच ओढत होती सगळी गाडी."

"मग आपली वाळू कशाला?"

"तेच ना. आपण दोघं रिकामे."

होळीला आठ दिवस उरले तेव्हा दोनच पेरे हिरवी होती. नंतर त्याने खरवडणेही सोडले.

चार दिवस उरले असताना, सकाळी, खालच्या पेरापाशी गव्हाएवढा कोंब दिसला. वाफेत तो खरा की भास, मला कळेना. धाकूने बोट लावले नाही. फावडे भिंतीला टेकवले आणि खाली बसला. त्या दिवशीची वाळू मी एकट्याने हलवली.

होळीच्या सकाळी मी त्याच्याबरोबर मोहन्याला गेलो. त्याने रांजण अंगणात उतरवला. नखाएवढी दोन पाने उलगडली होती. गोदूबाई वाकून बराच वेळ बघत राहिली. कलावती दारात होती, ती मागे सरली.

"उभी काय राहिलीस? आत घे की."

"मी?"

"मग काय वेल चालत जाईल? का मी म्हातारी उचलू?"

कलावतीने रांजण छातीशी धरून उचलला. धाकू पडवीच्या उत्तरेकडच्या मोकळ्या अंगाला जाऊन उभा राहिला.

"वारा इथून येतो," तो म्हणाला.

वहाणा घ्यायच्या म्हणून तो दोन वर्षे पैसे बाजूला टाकत होता. आणखी दोन महिने रविवारीही फावडे धरले. वैशाखात ते सगळे खर्चले. पडवीला उत्तरेकडून कारवीच्या कुडाची भिंत झाली, शेणमातीने दोन्ही अंगांनी लिंपलेली. आत एक बाज आणि एक जाड घोंगडी आली, पडवीत बसणारीसाठी.